भिंतीमागे

वारा दिसत नाही, हे रेमिहिओला सांगायची गरज नव्हती.
सांता क्रूसच्या माळावर बासष्ट वर्षं काढलेला माणूस,
उभा राहतानासुद्धा पश्चिमेकडे किंचित कललेला.

मी म्हटलं, वारा नाही, त्याचं पाऊल मोजतो आम्ही.
उन्हानं जमीन तापते. वरून गार हवेचा लोट घासून जातो
आणि कोइरोनचं वाळकं गवत तेवढ्यापुरतं निवतं,
अर्धा अंश, कधी त्याहून कमी.
गवताला लगेच कळतं. दगडाला उशिरा.
कॅमेरा गवताकडून काढून घेतो.

"म्हणजे चहाडी," तो म्हणाला.
हो, तसंच.

सकाळी चार कोपऱ्यांना अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे मांडले,
वर धोंडे ठेवून, नाहीतर थेट समुद्रात गेले असते.
पडद्यावर ते काळेभोर दिसतात, विहिरीसारखे.
स्वतःची ऊब सांगतच नाहीत,
आकाशाची थंडी तेवढी परत करतात.
त्या चौघांना धरून
आम्ही आमचं डगमगणं वजा करतो.

एवारिस्तोनं हेलिकॉप्टर पाचशे मीटरवर धरलं,
आपल्याच पात्यांचा वारा खाली पोचू नये म्हणून,
आणि इंधनाच्या काट्याला शिव्या देत राहिला.
दार उघडं. बोटं माझी आहेत की नाहीत, कळेना.
कॅमेरा मधूनच टक् करून डोळा मिटायचा,
पुन्हा उघडायचा.

मग माळ चालायला लागला.
मखमलीवरून कुणी उलटा हात फिरवावा
तसे पट्टे, गार, ऊन, गार,
पूर्वेकडे, एकमेकांना गिळत.
प्रत्येक मेंढीच्या मागे बोटभर ऊब,
तिच्या आडोशाला राहिलेली.

आणि त्याची भिंत आली.

एकोणीस हिवाळे रचली होती त्यानं ती,
धोंड्यावर धोंडा, फटीत मातीचं लिंपण,
वाऱ्याला सुई घालायला जागा नाही.
कोकरांसाठी.
तिच्यामागे शांत कोपरा असणार, मी धरूनच चालले होते.
होता. दोन पावलांचा.
त्यापुढे वारा भिंतीवरून उडी घेऊन
तोंडघशी पडत होता,
गरगरून मागे येत होता,
नेमका जिथे कोकरं निजतात.

रात्री स्वयंपाकघरात त्याला दाखवलं.
मातेचं भांडं त्याच्या हातात तसंच राहिलं.
"मागच्या सप्टेंबरात," तो म्हणाला, "एका रात्रीत एकतीस.
मला वाटलं, भिंत कमी पडली.
मग हातभर वाढवली."

मी घाईघाईनं म्हटलं, हे नक्की नसतं.
हा आकडा पावलाच्या वेगाचा, वाऱ्याच्या नव्हे,
आणि जमिनीपासून किती उंचीवरचा
ते आम्हालाही अजून नीट...

"कोकरू केवढं असतं?" त्यानं विचारलं.

मला ठाऊक नव्हतं.
मी टेबलाच्या पायाशी हात धरला. अंदाजानं.
त्यानं माझा हात थोडा खाली ढकलला.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो.
भिंतीतला दर चौथा धोंडा काढलेला,
लिंपण खरवडलेलं.
पडद्यावर वारा तिच्यातून चाळून येत होता,
बारीक, दमलेला,
आणि मागे वीस-बावीस पावलं लांब
एक ऊबदार डाग, कडा फाटलेला.
उत्तरेकडचा तुकडा मात्र अखंड.
नकाशात त्याला आम्ही नऊ नंबर दिलाय.
का ठेवला, मी विचारलं नाही.

उतरल्यावर त्याला हाक मारली, या, बघा.
तो आला नाही.
भिंतीमागे गुडघे टेकून बसला होता,
बोट तोंडात ओलं करून
जमिनीपासून दोन वितींवर धरलेलं,
आणि बराच वेळ
काही बोलला नाही.